कळसूबाईवरून दिसलेला चौथा किल्ला, अर्थात जुने पॅनोरामा आणि एआय

कातळवेडा

मंडळी, डिसेंबर २००७ मध्ये कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून मी स्वतःभोवती गोल फिरत चौदा फोटो काढले होते. पाच मेगापिक्सेलचा साधा डिजिटल कॅमेरा, उभा धरलेला. घरी आल्यावर कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या सीडीतल्या सॉफ्टवेअरने ते जोडले. संगणक रात्रभर धापा टाकत होता. तयार झालेला पॅनोरामा इथेच एका धाग्यात डकवला होता, जुन्या लोकांना आठवत असेल. रुंदी जेमतेम तीन हजार पिक्सेल, कारण तेव्हाच्या ब्रॉडबँडला त्यापुढे झेपत नसे.

फोटो कसा होता ते सांगतो. प्रत्येक फ्रेमला कॅमेऱ्याने आपल्या मर्जीने एक्स्पोजर घेतलेलं, त्यामुळे सूर्याकडचं आकाश पांढरंफटक, भंडारदऱ्याकडचं गर्द निळं आणि मधे उभे पट्टे. मी देवळाला अगदी चिकटून उभा होतो, म्हणून देवळाचा कळस मधोमध चिरलेला आणि दोन्ही भाग एकमेकांपासून सरकलेले. तरी फोटो लाडका.

परवा लेक म्हणाली, बाबा, एआयला द्या की. दिला. गप्पा मारणाऱ्या एका एआयला सांगितलं, जोड घालव आणि स्वच्छ कर. अर्ध्या मिनिटात फोटो हजर. पहिल्या नजरेत डोळ्यांचं पारणं फिटलं हो! आकाश एकसंध, धरणाचं पाणी लखलखीत, कळस सांधलेला. मग सवयीने पश्चिमेकडे बोट ठेवून डावीकडून मोजत गेलो. अलंग, मदन... आणि मग आणखी एक. त्यानंतर कुलंग.

बारा वेळा कळसूबाई केलंय. मदन आणि कुलंगच्या मधे किल्ला नाही. पण फोटोत आहे, आणि काय देखणा आहे! ताशीव कडा, वर सपाटी, कड्याच्या पोटात गुहेसारखी काळी रेघसुद्धा. नीट बघितलं तर देवळालाही उत्तर हिंदुस्थानी धाटणीचं उंच शिखर आलंय. आपलं ते एवढंसं देऊळ!

दिवाणखान्यात आठ फुटी भिंत रिकामी आहे, तिथे हा फोटो लावायचाय. पट्टे जायला हवेत, पण डोंगर होते तेवढेच राहायला हवेत. कोणी केलंय का असं काही?

खवचट_काका

नव्या किल्ल्याचं नाव भासगड. पायथ्याचं गाव सर्व्हरवाडी. पाण्याची टाकी बारमाही कोरडी. ट्रेक कधी ठेवताय?

नवी_पालवी

मला फोटो दिसत नाहीयेत.

दुरुस्तीवाला

@कातळवेडा, दोन गोष्टींची गल्लत होते आहे. गप्पांचं एआय तुमचा फोटो दुरुस्त करत नाही, तो बघून नवा काढतं. आधी तुमची लांबलचक पट्टी बारीक करतं, बहुधा एकदोन मेगापिक्सेलवर आणतं, आणि मग समजलं तसं चित्र रंगवतं. त्यात ह्या साधनांना बहुतेक वेळा ठरावीक आकाराची चौकट लागते. २१:९ म्हणजे रुंदीची चैन. तुमची पट्टी पाचास एक असणार. मग कुठे दाबलं जातं, कुठे कापलं जातं, कुठे भर पडते.

भासगडाबद्दल माझा एक संशय आहे. जुना जोड मोठा करून बघा. मदनच्या आसपास दोन फ्रेम जुळताना कड दोनदा उमटली असेल, म्हणजे पुसटसं भूत असेल. आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. एआयला वाटलं हा धुक्यातला डोंगर आहे, आणि त्याने भुताला देह दिला.

आता मुद्द्याचं. ते मूळ चौदा फोटो आहेत का? असतील तर जोडलेल्या जेपेगच्या नादी लागूच नका. ह्यूगिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळं नव्याने जोडा. फोटोतल्या एक्झिफमधून, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या माहितीतून, ते लेन्सचा कोन घेतं, शेजारच्या फ्रेममधले सारखे बिंदू स्वतः शोधतं. नंतर एक्स्पोजर आणि कोपऱ्यांतला काळोख सगळ्या फ्रेममध्ये एका पातळीवर आणायची सोय आहे, ती जरूर वापरा. पट्टे तिथेच ऐंशी टक्के जातील. देवळासाठी मास्क काढा, म्हणजे 'देऊळ फक्त ह्या एका फ्रेममधून घे' असं बजावायचं. चिरलेला कळस जवळच्या वस्तूमुळे आहे: तुम्ही वळलात तेव्हा कॅमेरा वीतभर बाजूला सरकला. दूरच्या डोंगराला त्याने फरक पडत नाही, चार हातांवरच्या देवळाला पडतो.

आणि हिशोब करा. उभ्या धरलेल्या पाच मेगापिक्सेलच्या फ्रेमची रुंदी १९४४ पिक्सेल. एकमेकांवर चढलेला भाग वजा केला तरी पूर्ण वर्तुळ सोळा हजारांच्या आसपास भरतं. आठ फुटांत म्हणजे इंचाला १६०-१७० ठिपके. भिंतीवरच्या फोटोला पुरे आहेत. एआयने मोठं करायची गरजच नाही, मोठा फोटो तुमच्याकडे आधीपासून आहे.

कातळवेडा

मूळ फोटो एका सीडीवर असावेत. सीडी माळ्यावर. माळा बायकोच्या ताब्यात. कळवतो.

फणसपोळी

मी वेगळाच पॅनोरामा घेऊन आलेय. माझे आजोबा पलटणीत होते. बेळगावला १९४१ मध्ये काढलेला त्यांच्या तुकडीचा लांबच्या लांब फोटो आहे, तीन फूट बाय आठ इंच, पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेला. माणसं १८०च्या वर, मी मोजली. मागे बरॅक आहे, ती केळ्यासारखी वाकडी दिसते. आजोबा ह्यात नक्की आहेत, पण कुठले ते घरात कोणालाच सांगता येत नाही. बाबा लहान होते, त्यांनाही नाही. चेहरे स्पष्ट व्हावेत म्हणून मी स्कॅन करून एआयला दिला.

चेहरे इतके स्पष्ट झाले की एकेकाचे दात मोजता येतील. फक्त ते ह्या माणसांचे चेहरे नाहीत. मागच्या सगळ्या रांगेला दाढ्या आल्यात. आमच्या कोकणातल्या पोरांना! बरॅक सरळ झाली, पण तिच्यासोबत पुढची रांग मधेच वर उचलली गेली, जणू सगळे होडीत बसलेत. काय चुकलं माझं?

दुरुस्तीवाला

ताई, तुमचं काही चुकलं नाही. स्कॅन किती डीपीआयवर, म्हणजे इंचाला किती ठिपक्यांवर केलात?

फणसपोळी

६००.

दुरुस्तीवाला

मग बघा. छत्तीस इंच म्हणजे फाइल २१,६०० पिक्सेल रुंद. अशा फोटोत एकेक चेहरा चार मिलिमीटर धरला तर स्कॅनमध्ये तो नव्वदएक पिक्सेलचा. ओळख पटायला हे बऱ्यापैकी आहे. पण एआयने सगळा फोटो दीड हजार पिक्सेलवर आणला, की तोच चेहरा साडेसहा पिक्सेल. साडेसहा पिक्सेलात मिशीसुद्धा मावत नाही. बाकीचं त्याने आपल्या पोतडीतून काढलं. जुना फोटो, गणवेश, डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं... त्याने पाहिलेल्या तसल्या फोटोंत दाढ्या जास्त असणार.

चेहरे सुधारणारी वेगळी मॉडेल असतात, जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मर. एकेक चेहरा कापून त्यांना देता येईल. पण तीसुद्धा शिकलेल्या चेहऱ्यांच्या आधाराने नवा चेहरा घडवतात. कोडफॉर्मरला एक आकडा देता येतो, ० ते १. ०च्या बाजूला चेहरा देखणा होतो, १च्या बाजूला मूळ फोटोशी इमान राखतो. आजोबा शोधायचे असतील तर १च्या जवळ ठेवा, आणि तरीही मूळ स्कॅन शेजारी उघडा ठेवूनच बघा.

बरॅकबद्दल: हा बहुतेक फिरत्या कॅमेऱ्याने काढलेला आहे. सर्कट नावाचा कॅमेरा होता, पेटंट १९०४चं. स्प्रिंगच्या यंत्राने तिवईवर गोल फिरायचा, आणि आत फिल्म एका अरुंद फटीमागून त्याच वेगाने सरकायची. माणसं त्याच्यासमोर अर्धवर्तुळात उभी करत, म्हणजे सगळी कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर, आणि फोटोत रांग सरळ. पण मागची इमारत कुठली गोल व्हायला! ती सरळच, म्हणून फोटोत वाकडी. वाकडी बरॅक ही त्या फोटोची सही आहे, ती पुसू नका.

जाता जाता: शाळांच्या अशा फोटोंत कॅमेरा फिरत असताना एखादं पोरगं रांगेमागून धावत दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं. एकाच फोटोत दोनदा.

खवचट_काका

आमच्या ऑफिसात एकजण हजेरीपटावर असाच दोनदा असायचा, आणि जागेवर एकदाही नाही.

चाळकरी

@फणसपोळी, मी फ्रेमिंगच्या धंद्यात पंचवीस वर्षं आहे. ते नळकांडं उघडून फोटो टेबलावर दाबून सरळ केला नाहीत ना? वाळलेला फोटो एकदम उलगडला की वरचा थर तडकतो, आणि त्या भेगा कायमच्या. झाकणाचा मोठा डबा घ्या, तळाला थोडं पाणी, त्यात उपडं भांडं किंवा जाळी, तिच्यावर गुंडाळलेला फोटो. पाण्याचा थेंबही फोटोला लागता कामा नये. झाकण लावून काही तास ठेवा, अधूनमधून बघत राहा. दमट हवेने कागद आपणहून सैल होतो. मग टीपकागदांच्या मधे ठेवून वर वजन. रात्रभर डब्यात विसरू नका, बुरशी धरते. कोकणात पावसाळ्यात डबाही लागणार नाही, नुसतं ओटीवर ठेवलं तरी काम होईल :)

फोटोवर हाताने रंग भरलेले असतील किंवा शाईचा शिक्का असेल तर मात्र घरी हात लावू नका.

ए-चार स्कॅनरवर तुकड्यांनी स्कॅन करत असाल तर सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवा. अर्धे उलटे फिरवले तर स्कॅनरचा उजेड कागदाच्या पोतावर दुसऱ्या बाजूने पडतो आणि जोड उठून दिसतो. स्कॅनरचं 'ऑटो' बंद. नाहीतर कातळवेडांच्या आकाशासारखे पट्टे.

फणसपोळी

दाबूनच केला होता :( एक बारीक भेग गेलीय, माणसांवरून नाही, आकाशातून. पुढच्या वेळी डबा.

रंगारी

मी विरुद्ध बाजूने बोलतो. इथे सगळे एआयला फसवणूक म्हणून बडवताहेत. मी माझ्या राजमाचीच्या जुन्या पॅनोरामाचा जलरंगातला अवतार केलाय, तीन फुटी प्रिंट काढून बहिणीला लग्नाच्या वाढदिवसाला दिला. तिला फोटो नको होता, चित्र हवं होतं. चित्रकाराने एक झाड इकडचं तिकडे केलं तर आपण त्याला पुराव्यासकट जाब विचारतो का?

कसं केलं ते सांगतो, उपयोग होईल. घरच्या संगणकावर स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं एआय, जोडीला कंट्रोलनेट. कंट्रोलनेट मूळ फोटोतल्या कडा काढून मॉडेलला धाक देतं, की रंग तुझे, रेघा माझ्या. ही मॉडेल ५१२ किंवा १०२४ पिक्सेलच्या चौकोनांवर शिकलेली असतात, म्हणून पॅनोरामाचे चौकोनी तुकडे पाडून, कडेला एकमेकांवर चढवून, एकेक रंगवायचा. खरी खुबी बदलाच्या आकड्यात, म्हणजे मूळ फोटो किती बदलू द्यायचा त्यात. ०.३पर्यंत डोंगर जागचे हलत नाहीत, पण रंगही फारसा चढत नाही. ०.६ला सुंदर जलरंग, आणि डोंगरांना पाय फुटतात. मी ०.४५वर थांबलो.

पहिल्या वेळी केलेला घोटाळा: वर्णनात 'सह्याद्रीतला किल्ला' लिहिलं होतं. ते वर्णन प्रत्येक तुकड्याला लागू झालं, आणि सोळा तुकड्यांत सोळा किल्ले उभे राहिले. दरीतसुद्धा एक. दुसऱ्यांदा फक्त 'कातळ, वाळलं गवत, धुरकट हवा' एवढंच लिहिलं, तेव्हा राजमाचीवर मूळचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोघेच राहिले.

कातळवेडा

@रंगारी, चित्र म्हणून माझी काहीच तक्रार नाही. तुमचं बघितलं, आवडलं. पण मी मागितली होती दुरुस्ती आणि हातात आलं चित्र, तेही फोटोच्या वेषात. झगडा तेवढाच आहे. तुमच्या जलरंगाकडे बघून कोणी वाट विचारणार नाही.

चाळकरी

रंगारींच्या बाजूने एक जुनी साक्ष. आकाश बदलणं एआयने सुरू केलं नाही. १८५०-६०च्या काळातल्या ओल्या काचा (तेव्हाच्या निगेटिव्ह) निळ्या उजेडालाच जास्त भुलायच्या, त्यामुळे आकाश कोरं पांढरं यायचं. मग काही फोटोग्राफर ढगांची वेगळी काच ठेवायचे आणि छापताना ती वरून जोडायचे. एकच ढग दोन गावांवर! फेलिचे बिआतो ह्या फोटोग्राफरने १८५८ मध्ये दिल्ली आणि लखनौचे लांब पॅनोरामा काढले, ते एकेक छाप शेजारी चिकटवलेले. जोड उघड दिसतात, आणि कोणाचं काही अडत नाही.

पण आता दुसऱ्या बाजूची साक्ष. एका गिऱ्हाइकाने मुंबईच्या जुन्या पॅनोरामाची रंगीत केलेली प्रत फ्रेमला आणली होती. राजाबाई टॉवर लालबुंद विटांचा! तो कुर्ल्याच्या पिवळट दगडाचा आहे, चर्चगेटला उतरून चार पावलं गेलं तरी दिसतं. हे रंगाचं झालं, हसून सोडता येईल. पण जुन्या मुंबईच्या फोटोला तारीख नसते, तेव्हा आपण बघतो काय? टॉवर आहे की नाही. तो १८७८ला पुरा झाला. शेजारचं हायकोर्टही त्याच वर्षीचं. बॅकबेला रस्ता आहे की समुद्र थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत येतोय? मरीन ड्राइव्ह हे विसाव्या शतकातल्या भरावाचं काम. क्षितिजावरच्या धूसर भागात एआयने दोन मनोरे 'सुधारून' दिले, की फोटोचं वयच बदलतं. आणि अशी भर नेमकी धूसर भागातच पडते.

कातळवेडा

हे अगदी पटलं. सह्याद्रीतही तेच. लांबचे डोंगर फिकट दिसतात त्यावरूनच तर अंतर कळतं, रांगेमागे रांग. माझ्या एआयच्या फोटोत लांबचा हरिश्चंद्रगड पट्टा किल्ल्याइतकाच कोरीव झालाय, जणू दोन्ही हाकेच्या अंतरावर.

सातासमुद्रापार

उशिरा आलो, इथे आत्ता रात्र आहे. माझा प्रश्न ३६० अंशाच्या फोटोचा. २००९ मध्ये सुट्टीत गावी आमच्या वाड्याच्या चौकात तिवईवर फिशआय (खूप रुंद टिपणारी लेन्स) लावून पूर्ण गोल फोटो काढला होता, वर आकाश, खाली फरशी, सगळं. पुढे वाडा पाडला. मुलांना व्हीआरचा गॉगल लावून चौकात उभं करायचं होतं, म्हणून एका साधनातून मोठा आणि स्वच्छ करून घेतला. डोळ्यांना छान, पण दोन भानगडी झाल्या. फोटो गोल उघडतच नाही, सपाट पट्टी दिसते. आणि जबरदस्तीने गोल उघडला तर तुळशीवृंदावनामागे आकाशापासून जमिनीपर्यंत उभी चीर.

दुरुस्तीवाला

दोन्हीचं कारण एकच: साधनाला कळलंच नाही की हा फोटो गोल आहे. पट्टीचं डावं आणि उजवं टोक खऱ्या जगात एकमेकांना लागून असतं. त्याने दोन्ही टोकं आपापल्या परीने सुधारली, आता ती जुळत नाहीत. मूळ फाइल घ्या, फोटोशॉप किंवा गिंपमध्ये 'ऑफसेट' करून अर्ध्या रुंदीने सरकवा, म्हणजे चीर मधोमध येते. अशा सरकवलेल्या प्रतीवरही तीच प्रक्रिया करा. मग दोन्ही प्रती एकावर एक ठेवून चिरेजवळची पट्टी दुसऱ्या प्रतीतून घ्या. तळाला जिथे तिवई होती तिथे ताणलेली फरशी दिसते, ती सपाट दृश्यात उलगडून मगच भरा.

गोल न उघडणं म्हणजे फाइलमधली माहिती पुसली गेली. ३६० फोटोत जीपॅनो नावाच्या नोंदी असतात, 'हा फोटो गोलाचा आहे' असं सांगणाऱ्या. एआयची साधनं नवी फाइल लिहितात आणि बहुधा ह्या नोंदी टाकून देतात. एक्झिफटूल नावाच्या सॉफ्टवेअरने जुन्या फाइलमधून नव्यात उतरवून घ्या. रुंदी-उंची मोठी झाली असेल तर ते आकडेही बदला. पट्टी बरोबर दोनास एक असली पाहिजे.

सातासमुद्रापार

चीर गेली! गोल उघडला. लेकाने गॉगल लावून पहिला प्रश्न विचारला, बाबा, टॉयलेट कुठे होतं?

कातळवेडा

माळ्यावरून सीडी मिळाली. चौदापैकी तेरा फोटो उघडले, एक मेला. नशिबाने तो नाशिककडच्या धुरकट बाजूचा होता आणि शेजारच्या दोघांनी भगदाड जवळजवळ बुजवलं.

ह्यूगिनमध्ये दोन संध्याकाळ गेल्या. पट्टे खरंच गेले. देऊळ एका फ्रेममधून घेतलं, कळस सांधला, आणि आमच्या ग्रुपमधल्या एकाचा कोपर गायब झाला, ते चालेल. भासगडाचंही निदान झालं. जुन्या जोडात नवव्या आणि दहाव्या फ्रेमच्या मधे मदनची उजवी कड दोनदा आहे. दुसरी इतकी फिकी की अठरा वर्षांत मला दिसली नव्हती.

एआय वापरलं फक्त आकाशातल्या दाण्यांसाठी, तेही क्षितिजाच्या वरच्या भागाला मास्क लावून. नंतर दुरुस्तीवाल्यांनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) सुचवलेली परीक्षा: मूळ आणि नवा फोटो दोन थरांत ठेवून 'डिफरन्स' लावायचं. काही बदललं नसेल तर सगळं काळं. आकाशात हलकी भुरभुर दिसली, डोंगर काळेकुट्ट. प्रिंटला टाकलाय.

अवांतर: लेकीने पहिला, भासगडवाला फोटो तिच्या कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपवर टाकला होता. तो फिरत फिरत काल माझ्याच जुन्या ग्रुपवर आला, खाली कोणीतरी विचारलंय, 'मदनशेजारच्या किल्ल्याला आंबेवाडीतून वाट आहे का?' दोघांनी 'आहे, पण अवघड' असं उत्तरही दिलंय.

खवचट_काका

मी त्यातला एक.

फणसपोळी

आमच्याकडेही शोध लागला. मोठी आत्या ८६ वर्षांची आहे, डोंबिवलीला. तिला आधी एआयचा फोटो मोठ्या टीव्हीवर दाखवला. बघून म्हणाली, "हे कोण लोक?" मग मूळ स्कॅन लावला, चेहरे जरा पुसटच होते. ती खुर्ची पुढे ओढून बसली, चेहऱ्यांकडे बघतच नव्हती. तिसऱ्या रांगेत डावीकडून एकविसाव्या माणसावर काठी टेकवली. आजोबा लहानपणी आंब्यावरून पडले होते, तेव्हापासून डावा खांदा पाडून उभे राहायचे.

मी परत एआयवाला फोटो लावून तिसरी रांग मोजली. तिथे एकविसाव्याचे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत.